चेहऱ्यापुढची धुक्याची काच

छायाचित्रणाचे सामान विकणाऱ्या दुकानात एक गोल काच मिळते. कॅमेऱ्याच्या लेन्सच्या तोंडावर ती फिरवून बसवायची असते. गंमत अशी की, ही काच लेन्सचे काम सुधारत नाही, उलट थोडे बिघडवते. चित्र अधिकाधिक रेखीव यावे म्हणून लेन्स बनवणारे पावणेदोनशेहून अधिक वर्षे खपले. त्यांनी कमावलेल्या त्या रेखीवपणावर थोडे पाणी सोडायचे, एवढेच या काचेचे काम. तरीही लोक ती पदरचे पैसे मोजून विकत घेतात. तिचे नाव डिफ्यूजन फिल्टर. आपल्याकडच्या स्टुडिओवाल्यांच्या बोलीत, सॉफ्ट फिल्टर.

माणसाचा चेहरा आहे तसा स्पष्ट दाखवणारे यंत्र हाती आल्यावर माणसाने ती स्पष्टता कमी करण्यासाठी एवढा आटापिटा का केला असेल? या प्रश्नाच्या उत्तरात छायाचित्रणाचा इतिहास तर आहेच, पण चेहऱ्याकडे, वयाकडे आणि विशेषतः बाईच्या वयाकडे आपण कसे पाहतो याचाही इतिहास आहे.

आधी ही काच करते काय, ते पाहू. थंडीच्या दिवसांत पहाटे धुके पडलेले असताना रस्त्यावरचा दिवा आठवा. दिवा दिसतो, खांबही दिसतो, पण दिव्याभोवती उजेडाचे एक वलय पसरलेले असते. डिफ्यूजन फिल्टर नेमके हेच करतो. चेहऱ्यावरून आलेल्या प्रकाशाचा मोठा भाग तो सरळ आत जाऊ देतो, त्यातून रेखीव प्रतिमा तयार होते. उरलेला थोडा प्रकाश तो विखुरतो आणि त्याचा एक पातळ थर त्या रेखीव प्रतिमेवर पसरतो. सुरकुती म्हणजे चेहऱ्यावरची बारीकशी सावलीच. शेजारच्या उजळ त्वचेचा प्रकाश त्या सावलीत उतरला की सावली फिकी होते आणि सुरकुती सौम्य दिसू लागते. केसांच्या कडा, डोळ्यांतली चमक, कानातल्या कुड्या यांच्याभोवती मंद तेज येते. फोकस चुकणे ही गोष्ट वेगळी. फोकस चुकला की रेखीव प्रतिमा उरतच नाही. इथे ती खाली शाबूत असते. म्हणूनच चांगल्या सॉफ्ट चित्रात चेहरा मऊ दिसतो, पण पापण्या मोजता येतात.

आता थोडे मागे जाऊ. १८३९ मध्ये पॅरिसमध्ये दागेरच्या छायाचित्रणाची रीत जाहीर झाली आणि पुढच्याच वर्षी व्हिएन्नाच्या जोसेफ पेट्झवालने व्यक्तिचित्रांसाठी खास लेन्स आखली. चित्रकाराला परवडू न शकणाऱ्या माणसालाही आता आपला चेहरा जपून ठेवता येऊ लागला. पण चित्रकार आणि कॅमेरा यांत एक फरक होता. चित्रकाराला डोळे होते, तसे व्यवहारज्ञानही होते. समोर बसलेल्या शेठजींच्या गालावरचा मस कधी रंगवायचा आणि कधी विसरायचा, हे त्याला कळत असे. कॅमेऱ्याला ते कळेना. त्यात त्या काळच्या काचपट्ट्या आणखी कडक. त्यांना निळा प्रकाश चटकन दिसे, तांबडा जवळजवळ दिसतच नसे. परिणामी चेहऱ्यावरचे तांबूस डाग, वांग, पुटकुळ्या प्रत्यक्षात असतील त्याहून कितीतरी काळ्या उमटत. कॅमेरा खोटे बोलत नाही असे लोक म्हणत, पण आरशात पाहिलेला चेहरा आणि हातात आलेले चित्र यांचा मेळ बसत नसे.

यावर पहिला उपाय निघाला तो हाताने दुरुस्ती करण्याचा. म्युनिकच्या फ्रान्झ हान्फश्टेंगल यांनी १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात एकाच माणसाची दोन चित्रे मांडली, एक दुरुस्तीपूर्वीचे आणि दुसरे निगेटिव्हवर हात फिरवल्यानंतरचे. लोक थक्क झाले. तेव्हापासून रीटचिंग हा स्टुडिओचा एक स्वतंत्र विभागच झाला. टोकदार पेन्सिल घेऊन निगेटिव्हवरची एकेक सुरकुती भरून काढणारे कारागीर जगभर तयार झाले आणि आपल्याकडेही पिढ्यान्‌पिढ्या होते. पण या दुरुस्तीत एक अडचण असे. हात जरा जड पडला की चेहरा मेणाचा दिसे.

दुसरा उपाय एका बाईने काढला, आणि तोही जणू हट्टाने. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांचा जन्म १८१५ चा, कलकत्त्यातला. त्यांचे पती चार्ल्स हे कॅमेरॉन तिथल्या विधी आयोगात मेकॉलेचे सहकारी. भारतीय दंड संहितेचा मसुदा तयार झाला तो याच आयोगात. पुढे हे कुटुंब इंग्लंडला गेले. १८६३ च्या डिसेंबरमध्ये मुलीने आणि जावयाने ज्युलियाबाईंना एक कॅमेरा भेट दिला. तेव्हा त्यांचे वय ४८ होते. जानेवारी १८६४ मध्ये त्यांनी ॲनी नावाच्या एका लहान मुलीचे चित्र घेतले आणि आपले पहिले यश म्हणून ते मिरवले. घरातली कोंबड्यांची खुराडी हीच त्यांची काचेची खोली झाली.

कॅमेरॉनबाईंची रीत साधी होती. काचेवर चित्र पाहत त्या लेन्स फिरवीत आणि डोळ्यांना जिथे सुंदर वाटेल तिथे थांबत. नियमाप्रमाणे अगदी रेखीव होईपर्यंत लेन्स फिरवली पाहिजे, हे त्यांना मान्य नव्हते. चित्र घ्यायला वेळ लागे, बसणारा माणूस किंचित हले, त्यानेही कडा मऊ होत. लंडनच्या छायाचित्रकारांच्या वर्तुळात त्यांच्यावर टीका झाली. बाईंना फोकस करता येत नाही, काचपट्ट्या नीट धुता येत नाहीत, असे लिहिले गेले. उलट, कलेच्या क्षेत्रातल्या जाणत्यांना ही चित्रे भावली. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाने १८६५ मध्ये ती विकत घेऊन मांडली. आजचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम ते हेच. टेनिसन, कार्लाइल, डार्विन अशी त्या काळातली मोठी माणसे त्यांच्या कॅमेऱ्यापुढे बसली.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. कॅमेरॉनबाईंना कोणाच्या सुरकुत्या लपवायच्या नव्हत्या. म्हाताऱ्या विद्वानांच्या कपाळावरच्या आठ्या त्यांच्या चित्रांत स्पष्ट आहेत. त्यांना नको होता तो बारीकसारीक तपशिलांचा गलबला. कोटाचे बटण, खुर्चीची नक्षी, दाढीचा प्रत्येक केस असे सगळेच सारख्या जोराने बोलू लागले की माणूस हरवतो, असे त्यांना वाटे. त्यांच्या दृष्टीने मऊपणा ही माणसापर्यंत पोहोचण्याची वाट होती.

बाजाराने हे लगेच हेरले. लंडनच्या डालमायर कंपनीने १८६६ मध्ये व्यक्तिचित्रांची अशी लेन्स आणली की तिचा मागचा भाग थोडा सैल केला की चित्र हवे तेवढे मऊ होई. भिंगातला जो दोष शास्त्रज्ञ घालवू पाहत होते, तोच आता मोजून मापून परत आणायची सोय झाली. १८९० नंतर युरोप-अमेरिकेत छायाचित्रण ही चित्रकलेच्या तोडीची कला आहे असे मानणाऱ्यांची एक चळवळच उभी राहिली आणि मऊ चित्र ही तिची खूण झाली. बोस्टनच्या पिंकहॅम अँड स्मिथ या चष्मेवाल्यांनी या मंडळींसाठी मुद्दाम दोष शिल्लक ठेवलेल्या लेन्स बनवल्या. १९३० च्या सुमारास जर्मनीत इमागॉन नावाची लेन्स आली. छायाचित्रकार हाइनरिश क्यून यांचा तिच्या जन्मात मोठा वाटा होता. या लेन्समध्ये चाळणीसारखी चकती बसवायची असे. मधल्या मोठ्या भोकातून रेखीव प्रतिमा आणि भोवतीच्या बारीक भोकांतून मऊपणा. भोके कमी-जास्त उघडून मऊपणाचे प्रमाण ठरवता येई.

पण प्रत्येकाला वेगळी लेन्स घेणे कसे परवडावे? म्हणून साध्या लेन्सवर बसवायच्या काचा आल्या. हंगेरीच्या येनो दुलोविट्स यांनी सपाट काचेवर एकात एक बारीक वर्तुळे कोरून फिल्टर बनवला. त्यांचे आणि त्यांचे सहकारी तोथ यांचे नाव जोडून त्याचे नाव पडले ‘दुतो’. नावाजलेल्या लेन्सपुढे ही स्वस्त काच धरली की काम भागे.

मात्र मऊ चेहऱ्याला घराघरांत पोहोचवले ते सिनेमाने. १९१९ च्या ‘ब्रोकन ब्लॉसम्स’ या मूकपटासाठी दिग्दर्शक ग्रिफिथ यांनी हेन्ड्रिक सार्टोव्ह या व्यक्तिचित्रे काढणाऱ्या माणसाला बोलावले. नायिका लिलियन गिश हिचे जवळून घेतलेले मऊ, तेजाळ क्लोजअप त्याचे. त्याच वर्षी न्यूयॉर्कचा छायाचित्रकार कार्ल स्ट्रस हॉलिवुडला गेला. मऊ चित्रांसाठी स्वतः लेन्स तयार करणारा हा माणूस. पुढे ‘सनराइज’ या चित्रपटाच्या छायालेखनासाठी चार्ल्स रोशर यांच्या जोडीने पहिल्याच ऑस्कर समारंभात त्याचा गौरव झाला. स्टुडिओतल्या एका बंडखोर कलेने अशा रीतीने सिनेमाच्या कारखान्यात नोकरी धरली.

या कारखान्यातल्या युक्त्या मजेदार होत्या. लेन्सपुढे जाळीदार तलम कापड ताणून बसवायचे. पांढरी जाळी लावली तर सावल्याही उजळून चित्र फिके होते, काळी लावली तर काळा रंग काळाच राहतो आणि चेहरा तेवढा मऊ होतो. कापडाच्या मधोमध विडीकाडीने भोक पाडायचे, म्हणजे डोळे रेखीव आणि कडा धूसर. कोणी काचेच्या तुकड्यावर बोटाने व्हॅसलीन फिरवी, कोणी बायकांचे रेशमी पायमोजे लेन्सवर ताणी. मोज्यांची जात कोणती, हे कॅमेरामनचे गुपित असे.

आणि इथेच मऊपणाचा अर्थ बदलला. त्या काळातले चित्रपट नीट पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. नायक आणि नायिका एकाच खोलीत, एकाच दिव्याखाली बोलत आहेत. नायकाचा चेहरा दिसतो तेव्हा दाढीचे खुंटही स्पष्ट आहेत. नायिकेचा चेहरा आला की खोलीत अचानक धुके पडते. पुरुषाच्या कपाळावरची आठी म्हणजे कर्तृत्व, बाईच्या डोळ्याखालची रेघ म्हणजे दोष, असा हिशेब त्या जाळीत विणला गेला होता. नायिका जसजशी चाळिशीकडे जाई, तसतशी जाळी दाट होई. ज्या साधनाने कॅमेरॉनबाईंनी म्हातारपणाला प्रतिष्ठा दिली, त्याच साधनाने आता वय झाकले जाऊ लागले. काच बदलली नव्हती, तिच्यामागचा हेतू बदलला होता.

आपल्याकडेही ही विद्या जर्मनीच्या वाटेने आली. १९३४ मध्ये हिमांशू राय आणि देविका राणी यांनी मुंबईजवळ मालाडला बॉम्बे टॉकीज उभी केली, तेव्हा म्युनिकचे छायालेखक जोसेफ विर्शिंग त्यांच्याबरोबर होते. १९३६ च्या ‘अछूत कन्या’तल्या देविका राणीचे उजळ क्लोजअप त्यांच्याच कॅमेऱ्याचे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन म्हणून त्यांना स्थानबद्धतेत ठेवले गेले, पण युद्धानंतर ते पुन्हा कामाला लागले. १९४९ च्या ‘महल’मध्ये मधुबालाचा चेहरा अंधारातून उमलतो, तो त्यांनीच टिपलेला. ‘पाकीजा’चे चित्रण चालू असताना १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले. चित्रपट आला १९७२ मध्ये. पडद्यावरचा तो चेहरा पाहिलेला माणूस गावातल्या स्टुडिओत गेला की त्यालाही तसाच फोटो हवा असे, यात नवल ते काय?

मऊपणाविरुद्ध बंडही झाले. १९३२ मध्ये कॅलिफोर्नियात ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम वगैरे मंडळींनी एक गट काढला आणि त्याला नाव दिले ‘एफ ६४’. लेन्सचे छिद्र अगदी लहान केले की जवळचे-दूरचे सगळे लख्ख येते, त्या छिद्राचा हा आकडा. यातली मौज अशी की, वेस्टन यांनी आरंभीच्या काळात स्वतः मऊ व्यक्तिचित्रे काढून नाव कमावले होते. आता त्यांना ढोबळी मिरचीची घडी न् घडी दिसायला हवी होती. पुढच्या काही दशकांत कलेच्या जगात रेखीवपणाला सत्याचा मान मिळाला, आणि मऊ फिल्टर लग्नाच्या अल्बमात आणि सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातीत जाऊन राहिला.

तिथेही त्याने बरीच प्रगती केली. झाइस कंपनीच्या ‘सॉफ्टार’ फिल्टरवर दवबिंदूंसारखे इवलेसे उंचवटे असतात. प्रत्येक उंचवटा म्हणजे एक छोटे भिंगच. मऊपणाच्या प्रमाणाप्रमाणे त्याचे तीन क्रमांक मिळत आणि लग्नाचे फोटो काढणारे हॅसलब्लाडवर ते आवडीने लावत. अमेरिकेच्या टिफेन कंपनीच्या ‘प्रो-मिस्ट’ मालिकेत काचेच्या आत अतिसूक्ष्म कण असतात. जाणते फोटोग्राफर एक ताकीदही देत. हा फिल्टर कॅमेऱ्यावर लावायचा, अंधाऱ्या खोलीत छपाईच्या वेळी एन्लार्जरखाली धरायचा नाही. कॅमेऱ्यावर असताना उजेड अंधारात पसरतो आणि चेहरा उजळतो. छपाईत धरला तर उलटे होते. अंधार उजेडात पसरतो आणि नवरीच्या गालावर केसांचा काळिमा उतरतो.

डिजिटल कॅमेरे आल्यावर हे सगळे अडगळीत जाईल असे वाटले होते. झाले भलतेच. नवे कॅमेरे इतके काटेकोर निघाले की नटनट्यांच्या मेकअपचे थर दिसू लागले, आणि मोठमोठे छायालेखक पुन्हा जुन्या लेन्स आणि धुक्याच्या काचा शोधू लागले. आजही कित्येक चित्रपट आणि मालिका अशा काचेतून चित्रित होतात.

सर्वसामान्य माणसाच्या हातात मात्र वेगळेच साधन आले. मोबाइलमध्ये ‘ब्यूटी’ नावाची सोय आली. तीही चेहरा मऊ करते, म्हणून आपण तिलाही फिल्टरच म्हणतो. पण नावाखेरीज या दोघांत फारच थोडे साम्य आहे. काचेला चेहरा कळत नाही. तिच्या लेखी सुरकुती, साडीची जर आणि मागचा दिवा सारखेच. ती सगळ्यांवर सारखा प्रकाश सांडते. म्हणूनच तिने मऊ केलेला चेहरा त्याच माणसाचा राहतो. मोबाइलमधल्या प्रोग्रॅमला चेहरा ओळखता येतो. डोळा कुठे, कातडी कुठे हे तो शोधतो. डोळा ठेवतो, कातडी पुसतो. मग जबडा अरुंद करतो, डोळे मोठे करतो, रंग उजळ करतो. वर चेहरा कसा असावा याचे एक माप त्याच्या पोटात आधीच भरलेले असते, आणि ते माप ना फोटो काढणाऱ्याने ठरवलेले, ना काढून घेणाऱ्याने. गोऱ्या रंगाचे वेड असलेल्या आपल्या देशात याचे काय होते, ते वेगळे सांगायला नको. सोळा वर्षांच्या मुलीला आपला खरा चेहरा परका वाटू लागावा, इथवर गोष्ट येते.

जगात याची थोडीफार दखल घेतली गेली आहे. जाहिरातीत मॉडेलचा बांधा संगणकावर बदलला असेल तर तसे छापले पाहिजे, असा नियम फ्रान्समध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून लागू झाला. नॉर्वेने २०२१ मध्ये असाच कायदा केला, तो २०२२ पासून अमलात आला. गूगलने २०२० मध्ये आपल्या नव्या पिक्सेल फोनवर चेहरा सुधारण्याची सोय मुळात बंद ठेवायचे ठरवले. ज्याला हवी त्याने ती मुद्दाम सुरू करावी. हे उपाय लहान आहेत, पण त्यांच्यामागचा विचार मोठा आहे. चेहऱ्यावर कोणी हात फिरवला असेल तर ते कळायला हवे आणि चेहरा ज्याचा त्याला विचारायला हवे.

याचा अर्थ मऊपणा म्हणजे फसवणूक आणि रेखीवपणा म्हणजे सत्य, असा कोणी काढू नये. आपण एकमेकांचे चेहरे भिंगातून पाहत नाही. जेवताना समोर बसलेल्या आईच्या चेहऱ्यावरची छिद्रे आपल्याला दिसत नाहीत, आई दिसते. कॅमेरा जे टिपतो ते पुष्कळदा आपल्या नजरेहून कठोर असते, आणि ती कठोरता थोडी कमी करण्यात खोटे काही नाही. फक्त काय कमी केले एवढे पाहावे. गलबला कमी केला की माणूसच कमी केला?

या प्रश्नाचे उत्तर एका जुन्या चित्रात आहे. १८६७ मध्ये कॅमेरॉनबाईंनी आपले स्नेही, शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांचे चित्र घेतले. फोटो पक्का करणारा ‘हायपो’ छायाचित्रणाला मिळवून देणारे हर्शेल ते हेच. तेव्हा ते ७५ वर्षांचे होते. पांढरे केस अंधारात ढगासारखे विस्कटलेले, कडा विरघळलेल्या, कोटाचा पत्ता नाही. पण कपाळावरच्या आठ्या, डोळ्यांखालच्या वळ्या, ओघळलेले गाल, सगळे आहे. आयुष्यभर आकाश पाहिलेले डोळे कॅमेऱ्याकडे रोखलेले आहेत. ते चित्र मऊ आहे, आणि त्यातून म्हातारपणाची एक रेघही वगळलेली नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)